मिरचीच्या हातांनी खेळलेला खेळ

दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या घरात कुणी डोळे चोळत नसे. दोंडाईच्याच्या बाजारात ओली लाल मिरची यायला लागली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पथाऱ्या पडत. उन्हात पसरलेली मिरची, नजर पोचेल तिथवर लाल. वाळली की ती पोत्यांनी आमच्या गल्लीत येई आणि बायका घराघरांच्या ओट्यावर बसून तिचे देठ खुडत. ते हात कितीही धुतले, तेल चोळलं, ताकात बुडवले, तरी रात्री झोपेत कुणाचा हात चेहऱ्याकडे गेला की घर जागं होई. बाहेरचा पाहुणा उंबऱ्यातच ठसकायला लागायचा आणि आम्ही त्याच्याकडे नवलाने बघायचो. आम्हाला तो वास येतच नसे. आज इतक्या वर्षांनी, शहरातल्या माझ्या स्वयंपाकघरात तिखटाचा डबा उघडला की पहिल्यांदा मी हात मागे घेते, मग आठवतं की आता घाबरायचं कारण नाही.

मी मात्र मिरची खुडत नसे. दहावी पास झाले तेव्हा आईने माझ्यापुढची टोपली उचलून घेतली. म्हणाली, "तुन्हा हातमां आते पेन शे." आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही येत होती आणि वजनाचे आकडे वाचता येत होते. ते एका मारवाडी शेठजींच्या मिरचीच्या गोदामात काट्यावर असत. तर टोपली गेली आणि मला दुसरं काम लागलं. चार बायकांच्या घोळक्यात स्वच्छ हाताची मी एकटीच. "वंदे, मन्हं नाक खाजव." "वंदे, केस माघे कर, डोयामां जाई ऱ्हायनात." "वंदे, पानी पाज." मी उठायची, करायची, परत पुस्तक घेऊन बसायची. मला त्या स्वच्छ हातांची लाज वाटायची. कुणी काही बोललं नव्हतं, तरी वाटायची.

माझा कॉम्प्युटर शेठजींच्या गोदामातून आला. तिथे नवा घेतला, तेव्हा जुना पिवळा पडलेला त्यांनी नानांना दिला. "पोरगी कॉम्प्युटर शिकते ना जळगावला? ने." नानांनी तो लोटगाडीवर गोधडीत गुंडाळून आणला आणि पूर्ण रस्ता गाडीच्या बाजूने, एक हात गोधडीवर ठेवून चालत आले. शोभाकाकू आमच्या शेजारची. तिने ओट्यावरूनच विचारलं, "काय हो भाऊ, नवरी आनी का?" नाना म्हणाले, "आनी. पन इले सैपाक येत नही." घरात वायर पोचेल अशी जागा एकच होती, पुढच्या दाराजवळ. तिथे पत्र्याच्या कोठीवर तो बसवला. पडद्याचं तोंड ओट्याकडे. ही जागा आम्ही निवडली नव्हती, वायरने निवडली. पण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

जळगावला मी कॉलेजात होते, वसतिगृहात राहायची आणि सुट्टी लागली की पॅसेंजरने घरी. वर्गात मला पहिलं वर्षभर काही कळलं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. विषय अवघड होता असं नाही. सर काहीतरी बोलत, पोरं हसत, आणि त्या हसण्यामागे त्यांना सगळ्यांना माहीत असलेली एखादी गोष्ट असे, जी मला कुणी सांगितलेली नव्हती. आमच्या वर्गातला नितेश म्हणून एक मुलगा होता. त्याने दिवाळीच्या सुट्टीआधी मला एक सीडी दिली. जपानमधल्या एका कंपनीने फार पूर्वी एक खेळ काढला होता. गोष्टीचा खेळ. चार माणसं घेऊन प्रवासाला निघायचं, वाटेत लढायचं, मुक्कामाला थांबायचं, लोकांशी बोलायचं. त्याचे चार भाग निघाले. मग कंपनीने तो बंद केला. पोरं वाट बघत बघत मोठी झाली, पाचवा भाग आला नाही. शेवटी वेगवेगळ्या देशांतल्या चाहत्यांनी मिळून तो स्वतःच बनवला. सीडीत तो पाचवा भाग होता. नितेशने दिला खरा, पण वर म्हणाला, "आधीचे चार खेळली नसशील तर तुला काही कळणार नाही बरं का." मी सीडी पिशवीत टाकली आणि मनात म्हटलं, त्याची सवय आहे मला.

आमच्याकडे वीज दुपारी बाराला यायची आणि चारला जायची. बायका जेवून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा शेवटचा तुकडा तेल-चटणीत बुडवून संपवून, ओट्यावर टोपल्या घेऊन बसायच्या त्याच वेळेला. तीन बायका. आई. शोभाकाकू. आणि अक्का. अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण, माझी आत्या. चाळीसगावकडे दिली होती. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, तशी मी सहा वर्षांची होते तेव्हाच माहेरी येऊन राहिली. नाव चंद्रभागा, पण तिला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला, त्यामुळे तिला पडद्यावरचं चित्र म्हणजे हलणारे रंग एवढंच दिसे. पण देठ ती बोटांनीच शोधायची, आणि बाकी दोघींपेक्षा जास्त खुडायची.

मी खेळ सुरू केला तर आधी इंग्रजीत लांबलचक मजकूर आला. मी वाचत बसले तशी शोभाकाकू म्हणाली, "मनमां काय वाची ऱ्हायनी? मोठ्याने वाच ना, आमले बी समजू दे." मी अडखळत अहिराणीत सांगितलं. हा खेळ कंपनीने केलेला नाही, आम्ही केलाय, आम्हाला आवडायचा म्हणून केलाय, कुणी विकू नका.

"फुकट कया?" आईने विचारलं.

"हो."

"मंग का बरं कया?"

"पुढचं कुणी सांगत नव्हतं म्हणून."

अक्काने मान हलवली. "बरोबर शे. अर्धं सोडीसन कोन जास?" जशा गल्लीतल्या बायका पापडाला एकमेकींकडे जातात तसंच काहीतरी तिला वाटलं असावं. त्या क्षणापासून तो खेळ तिच्या लेखी परका राहिला नाही.

चार माणसांना नावं द्यायची होती. मी आमची चौघींची नावं टाकायला निघाले, तर अक्का ओरडली. "जित्ता मानूसनं नाव नको! मारामारीमां जाई ऱ्हायनात ना ते? काही व्हयनं म्हंजे?" मग मेलेल्यांची नावं शोधणं सुरू झालं. त्यांत एक चोर होता, त्याला शोभाकाकूने आपल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव दिलं, टायगर. एक झाडपाल्याचं औषध देणारी बाई होती. ती पांढरे कपडे घातलेली होती, म्हणून अक्का म्हणाली, "मोगरी." मोगरी ही आमची शेळी. माझ्या लहानपणी आजोबांच्या बाजेच्या पायाला बांधलेली असायची. मुख्य जी मुलगी होती तिच्यासाठी नावच ठरेना, तिचे केस मोकळे होते म्हणून सगळ्या तिला झिपरी म्हणू लागल्या. राहिला एक म्हातारा शिपाई. पांढऱ्या मिशा, हातात भाला. मी त्याचं वर्णन करून सांगितलं, तशी अक्काची बोटं थांबली. म्हणाली, "दगडू."

दगडू हे आजोबांचं नाव. अक्काचे वडील, आईचे सासरे. मी सहा वर्षांची असताना गेले. मला त्यांच्या मिशा आठवतात आणि शेळीचा वास.

मी नाव टाकलं आणि पडद्याच्या खालच्या बाजूला चार तोंडं उमटली, त्यात एक पांढऱ्या मिशांचं. आणि आईने काय करावं? कमरेला खोचलेला पदर कोपराने सोडवला, दाताने धरून वर ओढला आणि डोक्यावर घेतला. मिरचीचे हात न लावता. आम्ही बघतच राहिलो. शोभाकाकू इतकी हसली की तिला ठसका लागला. "अय व माय! सासरा उना का टीव्हीमां?"

"हसू नको," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "नाव त्यासनं शे. मी बहू शे."

ती काही गंमत करत नव्हती. आजोबा होते तोवर आई त्यांच्यासमोर डोकं उघडं ठेवून कधी गेली नव्हती, त्यांच्याशी बोललीही नव्हती. भाकरी वाढायची ती भिंतीकडे तोंड करून. त्यांचं नावही तिच्या तोंडून कधी निघालं नाही. आता हीच पंचाईत खेळात झाली. एका वेळेला एकाने वार करायचा, मग दुसऱ्याने. बायका ओट्यावरून हुकूम सोडत, कारण कुणाचेही हात कॉम्प्युटरला लावण्याजोगे नव्हते. "टायगरले पुढे काढ!" "मोगरी, औषध दे व माय, झिपरी मरी ऱ्हायनी!" आणि आईची पाळी आली की, "आते ते... आपला मोठा... त्यासले सांग ना, भाला मारा म्हना." तेवढ्यात राक्षसाने झिपरीला आडवं केलेलं असायचं. शोभाकाकू कपाळावर मनगट मारून घ्यायची. "तू नाव लेवानं शिक, नही ते आपन बठ्ठा मरसूत!"

तो महिना मी कसा सांगू? दुपारचं ऊन ओट्याच्या कडेशी येऊन थांबलेलं. टोपलीत पडणाऱ्या वाळक्या मिरचीचा खुळखुळ, त्यातल्या बियांचा. एका बाजूला देठांचा ढीग वाढायचा. दोनची पॅसेंजर शिट्टी देऊन जायची. खेळातलं संगीत एकसुरी होतं, पण अक्काला ते आवडायचं, मुक्कामाचं गाणं लागलं की ती म्हणे, "उतरनात का बिचारा? जेवनात का?" मी सांगायची, जेवले. "काय खादं?" इंग्रजीत फक्त एवढंच असायचं की त्यांनी विश्रांती घेतली. मी सांगायची, वरण-बट्टी. मग ओट्यावर समाधान पसरे. गोष्ट अशी होती की त्या जगातले सात दिवे विझत चालले होते आणि ते पुन्हा लावायला ही चार माणसं निघाली होती. मधेच कुणीतरी म्हणायचं, त्या पुलावर जे झालं ते विसरलास का? आई विचारायची, "कोनता पूल?" आता तो पूल तिसऱ्या भागातला, किंवा दुसऱ्या, मला काय ठाऊक. मी बनवून सांगायची. पांझरेला पूर आला होता, पूल वाहून गेला, त्यात याचा भाऊ गेला. इंग्रजी शब्द अडला तरी बनवायची. मला वाटतं, जळगावच्या वर्गात जी लाज वाटायची ती त्या दारात कधीच वाटली नाही. तिथे आम्ही चौघींनी पाचव्या भागापासूनच सुरुवात केली होती. मागचं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही.

पाचव्या दिव्यापाशी ते झालं. दिवा लागला, आणि बुरूज ढासळायला लागला. बाहेर पडायचं दार कुणीतरी आतून धरून ठेवल्याशिवाय उघडं राहणार नव्हतं. म्हातारा शिपाई म्हणाला, मी धरतो, तुम्ही निघा. खेळाने मला विचारलं, त्याला ठेवायचं की नाही. मी 'नाही' निवडलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं की म्हाताऱ्याने तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. मग सगळं दिसलं, हळूहळू. दार. त्याचे वाकलेले खांदे. मोगरी बाहेर पडता पडता मागे वळली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याचा हात धरला. त्याच्या तोंडी दोन-तीन वाक्यं होती. मग पडदा काळा. पुढच्या दृश्यात मोगरी एकटी दगडांमधून बाहेर आली आणि खाली तीनच तोंडं राहिली. चौथी चौकट राखाडी.

"काय व्हयनं?" अक्का म्हणाली. तिला फक्त रंग गेलेले दिसले होते. "बोल ना व, काय व्हयनं?"

मी वीस वर्षांचीसुद्धा नव्हते. माझ्यासमोर तिचा चेहरा होता, माझ्याकडे वळलेला, ते धुरकट डोळे. मला ठाऊक होतं, सगळ्या घराला ठाऊक होतं, की आजोबा गेले तेव्हा अक्काला निरोप उशिरा मिळाला. चाळीसगावहून निघाली, जळगावला गाडी चुकली, ती पोचली तेव्हा लोक स्मशानातून परतून अंघोळी करत होते. तिने ओट्याच्या पायरीवर बसून विचारलं होतं, "नेई बी दिधा?" ती पायरी म्हणजे ती आता बसली होती तीच.

मी म्हटलं, "ते तिथेच थांबले, अक्का. दार राखायला. नंतर येणार आहेत."

"कव्हय?"

"शेवटच्या दिव्याला."

शोभाकाकूने माझ्याकडे पाहिलं आणि टोपली हलवली. आई खाली मान घालून खुडत होती. मी घाईघाईने खेळ पुढे नेला. त्या दिवसानंतर आईने खेळ चालू असताना पदर डोक्यावर घेतला नाही. ते मी पाहिलं होतं, पण पाहिलं म्हणजे कळलं असं नाही. मला वाटलं, कामाचा रेटा आहे.

आणि अक्का रोज विचारायची. टोपली पुढे ओढली की पहिलं वाक्य तेच. "आज येई का बाप?" मी म्हणायची, अजून नाही. "तठे थंडी व्हई ना? काही पांघराले शे का त्यासले?" मी म्हणायची, आहे, घोंगडी आहे. "खादं का?" खाल्लं. एकदा खोटं बोलल्यावर त्या माणसाला रोज जेवू घालावं लागत होतं, पांघरूण द्यावं लागत होतं. मी रात्री अंथरुणात उद्याचं ठरवत पडायची. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस उरले होते, सहावा दिवा लागला होता. मी मनात बेत केला होता की सातव्या दिव्याशी कुणीतरी परत आलेलं दाखवायचं, अक्काला काय, रंगच दिसतात. म्हणजे मी तिच्या डोळ्यांचा फायदा घ्यायचं ठरवलं होतं. हे लिहिताना अजूनही लेखणी अडते.

सातव्या दिव्याच्या वाटेवर आम्ही एका टेकडीपर्यंत पोचलो. वर चढलो. आणि पडद्यावर साधी इंग्रजी अक्षरं आली. आम्ही इथपर्यंतच बनवू शकलो. कुणाला नोकऱ्या लागल्या, कुणाची लग्नं झाली, कुणी सोडून गेलं. शेवट आमच्या मनात होता, पण पुरा झाला नाही. इथवर सोबत आल्याबद्दल आभार. मी दोनदा वाचलं. कळ दाबली. खेळ पहिल्या पानावर परत गेला.

"संपना," मी म्हटलं.

"संपना म्हंजे? सातवा दिवा?" शोभाकाकू उसळली.

"बनवलाच नाही त्यांनी."

"अय! आमले टेकडीवर चढाईसन पयी गयात?" तिने मूठभर देठ ढिगावर आपटले. मग अक्का म्हणाली, "बरं मंग. आते तू सांग."

"काय सांगू?"

"पुढलं. पूल सांगा, वरन-बट्टी सांगी. शेवट बी सांग."

म्हणजे मी बनवलेला पूलही तिला माहीत होता आणि बट्टीही. बेत केलेला प्रसंग ओठांवर होता, टेकडीच्या पलीकडून पांढऱ्या मिशांचा माणूस चालत येतो. पण आता खेळ नव्हता, पडदा नव्हता, सगळं माझ्यावरच होतं, आणि मला ते जमेना. मी म्हटलं, "अक्का, ते येणार नाहीत. मी खोटं बोलले. त्या बुरुजातच गेले ते."

मिरची खुडल्याचा बारीक तडतड आवाज येत राहिला. अक्काची बोटं थांबली नव्हती.

"मले माहीत शे," ती म्हणाली. "तुन्ही मायनं डोकं उघडं दखं ना, तव्हयच समजनं. काळं केस मले दिसतस. सासरा समोर ऱ्हायना अस्ता ते तिनी पदर सोडा नसता."

आईने मान वर केली. मी आईकडे पाहिलं. इतके दिवस त्या दोघींनाही ठाऊक होतं, आणि रोज एक जण विचारत होती, एक जण ऐकत होती, आणि मी मधे घोंगड्या पुरवत होते.

"मंग रोज का इचारे व?" शोभाकाकूने हळू विचारलं.

"पोरगी चांगलं सांगे," अक्का म्हणाली. "खादं म्हने, पांघरं म्हने. चांगलं वाटे." मग तिने मला विचारलं, "मरना तव्हय एकला व्हता का?"

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं म्हणून मला बोलता आलं. "मोगरी परत फिरली. त्यांचा हात धरून बसली होती."

शोभाकाकूला हसू आलं, तिने दाबलं, पण अक्काच हसली. "मोगरी! ती बकरी शेच तशी. बाजवरथीन हालेच ना." मग हसणं उतरलं. तिने हातातली मिरची टोपलीत ठेवली. माझ्याकडे नाही, समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "तठेनं नही इचारत मी. आठेनं इचारस."

तिथलं नाही, इथलं. कुणाला विचारते आहे ते न सांगताही कळत होतं. आजोबा गेले त्या दुपारी त्यांच्याजवळ घरात एकच माणूस होतं, आई. नाना डॉक्टरला आणायला गेले होते. तेरा वर्षं त्या दोघी नणंद-भावजया एका चुलीवर जेवल्या, एका ओट्यावर खुडत बसल्या, आणि ही विचारत नव्हती, ती सांगत नव्हती.

आई बोलली ती टोपलीकडे बघून. "दम लागना व्हता त्यासले. इचारेत, चंद्री उनी का? मी भिंतआड उभी. कशी बोलू? आठ वरीस बोलनू नव्हतू. परत इचारं, चंद्री उनी का?" चंद्री, म्हणजे अक्का, आली का, एवढंच ते विचारत होते. "मंग मी डोकावरना पदर काढा. त्यासना जोडे जाईसन बठनू. त्यासले कमी दिसे. पोटनी पोर बापना समोर डोकं झाकत नही ना, अक्का. त्यासले वाटनं तूच शे. मन्हा डोकावर हात ठेवा. म्हने, उनी का माय. मी सांगं, उनी, बाबा."

शोभाकाकूने आपली टोपली बाजूला सारली.

"एकदावच बोलनू त्यासनासंगे," आई म्हणाली. "ते बी तुन्हं नाव लिसन. तुन्हा वाटाना हात मी मन्हा डोकावर लिधा. कसं सांगू तुले?"

अक्का हललीच नाही. मला भीती वाटली. आईलाही वाटत असणार, तिचे खांदे तसेच उचललेले होते. बाहेरून लोटगाडी गेली. मग अक्काने विचारलं, "तिसरांदा इचारं का, चंद्री उनी का म्हनीसन?"

"नही. मंग इचारंच नही. हात तठेच व्हता, शेवटलगून."

"म्हंजे मी येळवर पोहचनू," अक्का म्हणाली.

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईच्याही. दोघींनी हात वर उचलले आणि दोघींचेही हात चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबले, लाल, तसेच हवेत धरलेले. आई पदर धरायला गेली, तर पदरालाही दिवसभराची मिरची लागलेली. आवाज न करता, हात पुढे धरून, दोघी समोरासमोर रडत बसल्या होत्या.

मी उठले. माझ्या ओढणीचं टोक रांजणातल्या पाण्यात बुडवून पिळलं. आधी अक्काचे डोळे पुसले, मग आईचे, मग पुन्हा अक्काचे, कारण ते थांबत नव्हते. शोभाकाकूने आपलंही तोंड पुढे केलं. माझे हात स्वच्छ असल्याची मला त्या दिवशी लाज वाटली नाही. चारला वीज गेली, कॉम्प्युटर गप्प झाला, आणि माझ्या हातात अक्काची हनुवटी होती.

"पुस, नीट पुस," ती म्हणाली. "आनि मंग बठ. सातवा दिवा ऱ्हायना ना अजून."